दाबा की जरा!

"मॅडम, नुसतं कुरवाळताय व्हय? दाबा की जरा!"

तासगावकडच्या काकूंनी हे तिसऱ्या दिवशी बोलून दाखवलं. पहिले दोन दिवस त्या गप्प होत्या. त्यांच्या मालकांचा चेहरा मात्र बोलत होता. सकाळची एसटी धरून मिरजेला यायचं, बाकड्यावर ताटकळत बसायचं, आणि आत गेल्यावर ही बाई तेल लावत नाही, शेक देत नाही, कसलं मशीनही जोडत नाही. दुखणं हातात, आणि ही आपली मानेवर बोटं फिरवतेय! पैसे मोजणाऱ्या माणसाला राग यावा अशीच ही गोष्ट. मी काकूंना म्हटलं, "दाबलं तर बिघडेल." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी सांगतेय, चूल पेटवली तर भात कच्चा राहील.

मी फिजिओथेरपिस्ट. या कामात एकोणीस वर्षं गेली. साडेचार वर्षं शिकून पदवी घेतली, तेव्हा मालिश हा आमच्या अभ्यासातला जरा चोरून करायचा भाग वाटायचा. यंत्रं आवडायची, व्यायाम शिकवायला आवडायचं, पण मालिशचं नाव काढलं की आत्या लगेच म्हणायची, "म्हणजे एवढं शिकून मालिशवालीच की गं!" आमच्या विद्येचं देशातलं पहिलं विद्यालय मुंबईच्या केईएममध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं, पोलिओच्या साथीनंतर. तेव्हापासून आम्ही लोक मालिशवाल्यांपासून चार हात लांब उभं राहायची धडपड करत आलोय. मलाही ते खूळ बरीच वर्षं होतं. आता माझा निम्मा दिवस नुसत्या हातानं काम करण्यात जातो आणि आत्या गुडघे दाखवायला माझ्याकडंच येते.

काकूंचा डावा हात. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, बगलेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, 'लाइट' दिली. रेडिएशनला आमच्याकडं सगळे लाइटच म्हणतात. सगळं नीट पार पडलं, काकू द्राक्षाच्या बागेत कामालाही लागल्या. आणि दीड वर्षानं, ऐन विरळणीच्या दिवसांत, हात जड व्हायला लागला. आधी बांगड्या रुतल्या. कासाराकडून मोठ्या मापाच्या भरून आणल्या, त्याही रुतल्या. साबण लावूनही निघेनात तेव्हा वाढवाव्या लागल्या. काकू 'फोडल्या' म्हणत नाहीत, 'वाढवल्या' म्हणतात, आणि म्हणताना मंगळसूत्राला हात लावतात. माझ्याकडं आल्या तेव्हा पोलक्याच्या डाव्या बाहीची शिवण उसवून तिथं दुसऱ्याच रंगाची पट्टी जोडलेली होती. मी कोपराखाली अंगठा टेकवला, दहा आकडे मोजले, उचलला. कणकेच्या गोळ्यात बोट रुतावं तसा खळगा तिथंच राहिला. मग टेप काढली. मनगटापासून दर ४ सेंटीमीटरवर एक माप, दोन्ही हातांची. एखाद्या जागी २ सेंटीमीटरचा फरक निघाला तरी आम्ही कान टवकारतो. काकूंच्या हातात कोपराखाली साडेपाच होता.

"हत्तीरोग न्हवं ना?" मालकांनी दारातूनच विचारलं होतं. त्यांच्या मनातली भीती अगदीच चुकीची नव्हती. हत्तीरोगात डासामुळं शिरलेल्या जंतांनी लसिकेच्या वाहिन्या खराब होतात, इथं त्या सुरीनं आणि किरणांनी तुटलेल्या असतात. वाट बंद होण्याचा परिणाम सारखाच. याला लिम्फेडिमा म्हणतात. नाव सांगून काही होत नाही, म्हणून मी कागद घेऊन चित्र काढायला बसले.

अंगात रक्ताच्या नळ्यांशिवाय आणखी एक जाळं असतं, लसिकेचं. रक्तातून पेशींभोवती पाझरलेलं पाणी, त्यातली प्रथिनं, जंतूंचा कचरा, हे सगळं गोळा करून मानेच्या पायथ्याशी, गळ्याच्या हाडामागं, पुन्हा रक्तात सोडायचं हे त्याचं काम. या जाळ्याला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्या आपणहूनच मिनिटाला सहा ते दहा वेळा आकसतात. वरून स्नायू हलले, खोल श्वास घेतला, की पाणी पुढं सरकतं. हाताचं जवळजवळ सगळं पाणी बगलेतल्या वीस-तीस गाठींतून गाळून पुढं जातं. कर्करोग तिथं पोचला की सर्जनला त्या काढाव्याच लागतात, आणि लाइटमुळं उरलेल्या वाटाही आखडतात. बगल अशी साफ केलेल्या साधारण पाचांतल्या एकीचा हात पुढं कधीतरी सुजतो. कुणाचा सहा महिन्यांनी, कुणाचा दहा वर्षांनी.

मालक ऐकतायत की नाही ते कळत नव्हतं. मधेच म्हणाले, "म्हंजे पाट बुजलाय."

"हो, तसंच."

"मग आधी खालची दारं मोडाय पायजेत. वरनं पाणी सोडून काय उपेग? वाफा उतू जाईल."

दहा वर्षं मी हीच गोष्ट लोकांना ट्रॅफिक जॅमचा दाखला देऊन सांगत होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात रात्रीच्या लाइटीला उठून दारं धरली त्याला मी सिग्नलचं सांगत बसले होते! त्या दिवसापासून मी पाटच सांगते. सुजलेला हात हा भरलेला वाफा. त्यातलं पाणी ढकलण्याआधी ते जिथं जायचं ती जागा मोकळी हवी. म्हणून पहिल्यांदा मान. मग पोटावर हात ठेवून खोल श्वास. मग दुसरी, धडधाकट बगल, आणि सुजलेल्या बाजूची जांघ. ही झाली खालची दारं. मग छातीवरून आणि पाठीवरून पाणी पलीकडं वळवायचं. मग दंड, आणि अगदी शेवटी मनगट आणि बोटं. हाताशी पोचेपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. आणि जोर? लसिकेच्या सगळ्यात बारीक वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात. त्यांच्यावर भार दिला की त्या मिटतात. हात कातडीवरून घसरवायचाच नाही. कातडी हातासोबत हळूच ताणायची आणि सोडायची, संथ, एकाच जागी पाच-सात वेळा. म्हणून तेल नको. तेल लावलं की हात घसरतो आणि कातडी जागेवर राहते.

ही पद्धत बसवली ती एमिल व्होडर नावाच्या डॅनिश माणसानं, बायको एस्ट्रिडच्या जोडीनं. वैद्यकीय पदवी नसलेला माणूस. १९३२च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कान या गावी, तो मालिशचं काम करायचा. जुनाट सर्दीचे इंग्रज पेशंट तिथल्या कोरड्या हवेसाठी यायचे, आणि त्यांच्या मानेतल्या गाठी फुगलेल्या असायच्या. गाठींना हात लावायचा नाही, हा तेव्हाचा दंडक. यानं लावला, पण असा, की गाठीलाही कळू नये. १९३६ साली त्यानं पॅरिसमध्ये ही पद्धत मांडली. डॉक्टर मंडळींनी बरीच वर्षं तिकडं काणाडोळा केला. पुढं मिखाएल फोल्डी या हंगेरीत जन्मलेल्या डॉक्टरनं जर्मनीत तिला बँडेज, व्यायाम आणि कातडीची निगा यांची जोड दिली, तेव्हा कुठं तिचा उपचार झाला. मला व्होडरचं कौतुक त्याच्या शोधापेक्षा एका गोष्टीचं वाटतं. मालिशवर पोट असलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला कमी जोर विकला. ते किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे.

कारण मी स्वतः जोरच विकायची. पहिली नोकरी एका हॉस्पिटलात होती, तिथं माझं नाव झालं होतं: 'त्या मॅडमचा हात लई जोरकस.' लोक माझ्याच टेबलासाठी थांबायचे. त्यात एक निवृत्त शिक्षक होते, कंबर धरलेली. मी दोन दिवस कोपर लावून त्यांची पाठ मळली. तिसऱ्या दिवशी ते हसत आले आणि बनियन वर करून म्हणाले, "बघा, काय घसघशीत झालंय काम!" पाठभर वांग्याच्या रंगाचे डाग होते. त्यांना वाटत होतं, आतलं दुखणं बाहेर निघतंय. माझ्या पोटात गोळा आला. "सर, कसल्या गोळ्या चालू आहेत?" हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ करायची गोळी रोज चालू होती. मी ते विचारलंच नव्हतं. केसपेपरवर ते लिहायला जागा होती. ती मी कोरी सोडली होती. त्यांच्या डॉक्टरांकडं धावले, रक्त तपासून झालं, नशिबानं पुढं काही वाढलं नाही. सर शेवटपर्यंत माझे आभारच मानत राहिले, आणि ते मला जास्त बोचत राहिलं.

त्यानंतर लिम्फेडिमाचं काम शिकायला गेले, ते खरं म्हणजे हाताला शिक्षा म्हणून. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवला. "यावर हात फिरवा." माझ्या मते अगदी हलका हात होता. काटा एक किलो ओलांडून गेला. वर्गात हशा. पुढचे चार दिवस मी घरी काट्यावर, उशीवर, अर्धवट फुगवलेल्या फुग्यावर आणि झोपलेल्या मुलाच्या पायावर सराव केला. मुलगा जागा झाला की मी नापास. तेव्हा मला कळलं, की जोर काढून घेणं हे जोर लावण्यापेक्षा दमवणारं आहे. बोटं शिथिल ठेवायची तर खांदे शिथिल लागतात, खांदे शिथिल ठेवायचे तर श्वास लांब लागतो, आणि बाहेर चार पेशंट ताटकळत असताना श्वास लांब राहत नाही.

आता वस्तादांची गोष्ट सांगते. सांगली-कोल्हापूरकडं तालमी आहेत आणि तालीम आली की मालिश आलीच. लाल मातीत लोळून उठलेल्या पोराची पोटरी दोन्ही तळव्यांत धरून रगडणारे हात मी लहानपणापासून पाहिलेत. अशा लोकांबद्दल आमच्या व्यवसायात जे बोललं जातं ते मीही बोलायची: अडाणी, हाडं मोडून ठेवतात, वगैरे. एकदा एका तिशीच्या माणसाला त्याचे दोन भाऊ धरून घेऊन आले. घोट्याचं हाड मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर, काढून चार दिवस झालेले. पोटरी सुजलेली, दुखत होती. भाऊ म्हणाले, "वस्तादांकडं नेलता. त्यांनी तेल गरम केलं, हात ठेवला, आन् काढून घेतला. म्हणाले, ह्यो पाय माझा न्हाई. बाईकडं न्या."

मी हात ठेवला. दुसऱ्या पोटरीपेक्षा ती गरम होती, ताठ होती, आणि टेपनं मोजली तर चांगली तीन सेंटीमीटर जाड. प्लास्टरमध्ये पाय आठवडे न् आठवडे हलला नाही की खोल शिरेत रक्त गोठू शकतं. तशी पोटरी चोळली तर गाठ सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस टेबलावरच जाऊ शकतो. मी म्हटलं, "हा पाय माझाही नाही." भाऊ चिडले. इकडून तिकडं फुटबॉल करताय काय, असा त्यांचा सूर होता, आणि त्यांच्या जागी मीही चिडले असते. त्याच दुपारी कलर डॉप्लर झालं. गुडघ्यामागच्या शिरेत गाठ निघाली. औषधं सुरू झाली. पुढं तो नीट चालायला लागला.

मी मुद्दाम वस्तादांना भेटायला गेले. सत्तरीचे, कान चुरडलेले, माझ्याहून वाकून नमस्कार करणारे. "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाले, "बाई, मार लागलेलं मांस येगळं गरम असतंय आन् हे येगळं. हे आतनं गरम. आमच्या वस्तादांनी सांगितल्यालं, आतनं गरम असंल तर तेलाची वाटी खाली ठिवायची." शिरा, गाठ, फुप्फुस, यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं. वाटी खाली कधी ठेवायची ते माहीत होतं. आपल्या जुन्या वैद्यकातही ते आहे. अष्टांगहृदय अभ्यंगाचं कौतुक करतं आणि लगोलग कुणाला करू नये तेही सांगतं: कफ वाढलेल्याला, नुकतंच शोधन झालेल्याला, अजीर्ण झालेल्याला. आपण दिवाळीच्या उटण्यासकट कौतुक तेवढं उचललं. तेव्हापासून वस्ताद मला पेशंट पाठवतात, मीही त्यांना पाठवते. तालमीतल्या पोराच्या नुसत्या आंबलेल्या मांड्यांसाठी त्यांच्यापेक्षा चांगला हात मिरजेत माझ्या पाहण्यात नाही.

मालिशनं काय होत नाही, हेही एका पेशंटनं माझ्याकडून वदवून घेतलं. मिरजेत सतारी करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतले एक, उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखतं म्हणून आले. जवारी काढताना सतारीची घोडी कानसीनं इतकी बारीक घासायची असते, की एक हात जास्त पडला तर आवाज गेला. तासन्‌तास कोपर हवेत आणि मूठ आवळलेली. मी मालिश केली की दुखणं पळायचं, संध्याकाळी परत. पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "तुम्ही रोज सूर लावून देता, पण तार उतरतीच आहे. खुंटी बघा की." त्यांच्या कारखान्यात जाऊन पाहिलं. बसायचा पाट दोन विटांनी उंच केला, कोपराखाली उशी दिली, आणि मनगटाला हळूहळू वाढत्या वजनाचा व्यायाम लावला. तीन महिने लागले. कंबर, मान, कोपर, खांदा, या असल्या दुखण्यांत मालिशचा आराम खरा असतो, पण उसना असतो. तेवढ्या अवधीत माणसाला हालचाल करायला लावायची, नाहीतर तो आयुष्यभर हप्ते भरत बसतो. आणि असे हप्ते भरून घेणारी दुकानं आमच्या व्यवसायात कमी नाहीत. दहा बैठकांचं पॅकेज, वीस बैठकांवर सूट! चिडचिड होते, पण माझंही भाडं त्याच रस्त्यावर आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

काकूंकडं परत येते. मालिश हलकी, हे त्यांनी पाटाच्या दाखल्यानंतर कसंबसं मान्य केलं. खरी कटकट पुढं होती, बांधणीची. हलक्या हातानं पाणी वळवलं आणि हात तसाच सोडला, तर रात्रीत वाफा पुन्हा भरतो. म्हणून मालिशनंतर लगेच बांधायचं: आधी सुती बाही, मग प्रत्येक बोटाला अरुंद पट्टी, मग मऊ स्पंजचा थर, मग कमी ताणणाऱ्या पट्ट्यांचे तीन-चार रोल, मनगटाशी घट्ट आणि वर बगलेकडं सैल होत जाणारे. खेळाडू गुडघ्याला लावतात ती लवचिक पट्टी इथं चालत नाही. ती बसल्याजागी आवळत राहते. ही पट्टी हात हलला की भिंतीसारखी उभी राहते आणि स्नायू आतून तिच्यावर पाणी ढकलतो. दिवसरात्र बांधलेली, दोन ते चार आठवडे. तासगावच्या उन्हात. काकू म्हणाल्या, "ह्यापेक्षा केमो परवडली." मी हसले नाही, कारण त्या हसत नव्हत्या.

यात मालिशचा वाटा किती आणि बांधणीचा किती, हे कुणी विचारलं तर मी लपवत नाही. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०१५ सालचा आढावा आहे: मोठा उतार बांधणीनं पडतो, मालिशनं त्यात थोडी भर पडते, आणि ती भर सूज कमी असणाऱ्यांना जास्त मिळण्याची शक्यता. म्हणजे माझ्या ज्या हातांचं मी एवढं पुराण लावलंय, ते या उपचारात धाकटे भाऊ आहेत. तरीही मी मालिश सोडत नाही. त्या तासाभरात बाई बोलते. ऑपरेशननंतर त्या बाजूच्या छातीला नवऱ्यानं, लेकीनं, कुणीच हात लावलेला नसतो. तिनं स्वतःही आंघोळीत तिकडं न बघता पाणी ओतलेलं असतं. काकूंच्या छातीवरच्या व्रणाजवळ माझा तळवा पहिल्यांदा टेकला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तिथं आता काय न्हाई." मी म्हटलं, "आहे की. कातडी आहे, फासळ्या आहेत, खाली हृदय आहे." यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी "दाबा की" म्हणाल्या नाहीत.

आणखी एक भांडण व्यायामाचं. ऑपरेशनच्या वेळी त्यांना बजावलं होतं, या हातानं आयुष्यात वजन उचलायचं नाही. बागेतल्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पाण्यात जाऊ नको म्हणण्यासारखं. काकूंनी वर्षभर हात जपला, त्यानं तो आणखी मऊ पडला, आणि विरळणीला माणसं कमी पडली म्हणून एका दिवसात आठ तास मांडवाखाली हात वर करून कात्री चालवली. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लिम्फेडिमा असलेल्या बायकांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली होती. त्यांची सूज वाढली नाही. उलट अचानक बिघडण्याचे प्रसंग कमी झाले. हे इतक्या वर्षांनीही सगळीकडं पोचलेलं नाही. मी काकूंना अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशवीपासून सुरुवात करून दिली, हाताला बांधणी असतानाच. मालकांनी घरी द्राक्षाच्या पेटीतल्या कागदाच्या पिशव्या वापरल्या, आत बेदाणे भरून. मी म्हटलं, वजन बरोबर आहे ना तेवढं बघा. ते म्हणाले, "बेदाण्यात आमी एक ग्रॅम बी चुकत न्हाई."

अठरा दिवसांत साडेपाचाचा फरक अडीचावर आला. मग मापाची प्रेशरची बाही घेतली आणि काकू घरी गेल्या. रोजची मालिश आता मालक करणार होते. त्यांना शिकवताना मी तोच वजनकाटा टेबलावर ठेवला. माझ्याइतकीच वाईट सुरुवात. पण पाणी वळवणाऱ्या माणसाला घाई नसते. आठवड्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा संथ चालायला लागला.

डिसेंबरात दोघं न सांगता दारात. काकूंचा हात कोपरापासून मनगटापर्यंत लाल, टरटरलेला, अंगात कणकण. काडीचा ओरखडा बोटाला गेला होता. बाही चिकट होते म्हणून काढून ठेवली होती. "लवकर मालिश करा, लई ठणकतंय." मी हात मागं घेतला. अशा हातात जंतू पसरत असतात. मालिश नाही, बांधणीसुद्धा नाही, आधी डॉक्टर आणि अँटिबायोटिक. काकूंचा चेहरा पडला. ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज वाटते त्याच दिवशी बाई हात लावत नाही, याचा राग त्यांनी महिनाभर धरला. बऱ्या झाल्या तरी मला फोन मालकांचाच यायचा. मी समजावायचा प्रयत्न केला, आणि मग सोडून दिला. राग धरायला हक्काचं माणूस लागतं.

तेव्हापासून आमचं ठरलंय. दर रविवारी संध्याकाळी मालक फोन करतात आणि मापं वाचून दाखवतात. मी वहीत लिहिते. परवाची छाटणी झाल्यावरचा फोन:

"मनगट?"

"सोळा."

"चार वर?"

"साडेसतरा."

"आठ वर?"

"वीस."

"बारा?"

थोडा वेळ आवाज नाही. मागं कुत्रं भुंकत होतं.

"बारा वर किती, मामा?"

"साडेचोवीस."

मागच्या रविवारी तेवीस होतं. "छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायला गेल्या होत्या का?"

"पेस्ट न्हाई." मग मागून काकूंचा आवाज आला, दबका पण स्पष्ट: "सांगू नका म्हटलं ना."

"उद्या सकाळच्या एसटीनं या," मी म्हटलं. "टेप घेऊन या. तुमची आणि माझी एकदा ताडून बघू."